टेलापासून येणारी बाई

कुणाच्याही घरात शिरली की ती बाई चप्पल काढता काढता पहिलं विचारायची, "आजींचं पाणी कुठं आहे?"

घरातली सून लगबगीनं तांब्याभांडं घेऊन यायची. बाई हसायची. "मला नको हो ताई. आजी झोपतात तिथं, त्यांच्या हाताशी पाणी कुठं ठेवलंय ते दाखवा."

मग सून आत बघायची. कारण पाणी असायचं आत, माठात. आजी असायची बाहेर सोप्यात, कॉटवर. मध्ये एक उंबरा. पण ज्याचे पाय गेले त्याला तो उंबरा म्हणजे अजिंक्यताऱ्याचा चढ.

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील, जी घरात आली की भिंतीचा रंग बघतात, टीव्ही केवढा ते बघतात. ही पाणी बघायची. त्यावरून तिला सगळं घर कळायचं. आणि कळलं तरी कुणाला चार शब्द सुनवायची नाही. नुसता उशाशी स्टूल सरकवायची, त्यावर पेला ठेवायची आणि म्हणायची, "आता चहा चालेल."

मी आयुष्यभर पाटकरी. म्हणजे नदीवरनं पाइपानं पाणी वर यायचं, पाटात पडायचं, आणि कुणाच्या उसाला कधी जायचं ते मी ठरवायचो. शाळा चौथीपर्यंत, पण हुकूम कलेक्टरचा. सरपंच झालेला माणूसही पाण्याच्या पाळीच्या दिवसांत माझ्या दारात येऊन बसायचा. तेव्हा कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. लोकांनीच माझं करायचं, अशी रीत होती. म्हणून सांगतो, ही एक बाई सोडली तर मी कुणापुढं मान खाली घातलेली नाही.

ती आली तेव्हा आम्ही तिला हसलो होतो. सांगलीची पोर. तिशीतली असेल. अंगानं काटकुळी, पायात मात्र गड्याची जाड सँडल, कारण आमच्या मळ्यातला चिखल नाजूक चप्पल ठेवून घेतो, परत देत नाही. स्कूटीवरनं यायची. तिचं काम काय, तर पंचायतीला म्हाताऱ्याकोताऱ्यांची, अंथरुणाला खिळलेल्यांची सोय नीट लावून द्यायची. आहे त्याच माणसांत, आहे त्याच साहित्यात. अशी चारपाच गावं तिच्याकडं होती.

पारावर आमचा एक दोस्त म्हणाला, "आता पंचायत आपलं पाय चेपणार व्हय रं?"

मी म्हटलं, "आधी गटारी उपसू दे तिला. पायाचं मग बघू."

तर पहिल्याच आठवड्यात बाईनं पंचायतीची मागची खोली उघडायला लावली. आत चाकाच्या खुर्च्या. नव्याकोऱ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वर झेंड्याच्या काठ्या आणि मोडका लाऊडस्पीकर. बाईनं विचारलं, या वाटल्या का नाहीत?

सरपंच म्हणाले, "मोठ्या पावण्याच्या हस्ते द्यायच्यात. पावण्याला सवड न्हाई अजून."

"पाहुणे येतील तेव्हा फोटो काढा की. खुर्ची कुठं पळून चाललीय?" असं म्हणून तिनं एका खुर्चीचं प्लास्टिक फाडलं आणि स्वतःच आत बसली. "सरपंच, मला जरा देवळापर्यंत न्या."

सरपंचांना वाटलं, चेष्टा. पण बाई उतरेना. मग सरपंचांनी धोतर खोचलं आणि ढकलायला सुरुवात केली. सगळा पार बघायला उठला. पंचायतीच्या पायरीवर खुर्ची अडली. ती उचलून खाली घेतली, तर पुढं गटारीची फरशी फुटलेली. त्यात चाक बसलं. सरपंच घामाघूम. बाई आपली निवांत, मांडीवर हात ठेवून बसलेली. देऊळ समोर दिसत होतं, पण पोचता येईना. लोक हसत होते. हळूहळू हसू थांबलं. प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी असं बसलेलं होतंच की.

बाई उतरली, पदर झटकला. "एवढंच बघायचं होतं," म्हणाली.

त्याच आठवड्यात फरशी बदलली, पायरीला उतार झाला. खुर्च्या घराघरात गेल्या. पाहुणा काही अजून आलेला नाही.

आता माझ्या घरचं सांगतो. आमच्या मंडळीला लकवा झाला. उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, पण कळायचं. सतत पडून पाठीला कमरेखाली जखम झाली, लिंबाएवढी. थोरला मुलगा शिरवळला कंपनीत आहे. दोन खोल्यांत त्याचाच संसार मावत नाही. तो आला, आईची पाठ बघितली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "दादा, पुण्याकडं एक संस्था हाय. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात, नर्सा असतात. दिवाळीपतोर जखम भरली न्हाई तर आईला तिथं ठेवायची. तुमच्यानं हे व्हायचं न्हाई."

पोराचं काय चुकलं? काहीच नाही. पण आत मंडळीनं ऐकलं होतं. मी गेलो तर चांगल्या हातानं तिनं माझा सदरा धरला. जड जिभेनं म्हणाली, "मला हितनं हलवू नगा."

लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढंच मागितलं.

मग मी माझ्या अकलेनं उपाय केला. सांगलीची हळद आमच्याकडं घराघरात. जखमेवर हळद, याच्यापुढं औषध कुठलं? बाजारातनं चांगली पिवळीधमक हळद आणली आणि जखमेत दाबून भरली. पंचायतीनं दिलेली हवेची गादी होती, तिच्या त्या कागदासारख्या आवाजाचा मला राग यायचा. तिच्यावर जाड वाकळ चार पदरी करून घातली, म्हणजे मऊ लागेल.

बाई आली. पाणी बघितलं. मग मंडळीला कुशीवर केलं आणि पिवळ्या जखमेकडं बोट केलं.

"आजोबा, हे काय?"

"हळद. अस्सल. राजापुरी."

"राजापुरी आहे ते दिसतंय. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाल होते. आमच्या घरात पाण्यालासुद्धा हळदीचा वास यायचा. हळद आमटीत घाला, आजोबा. जखमेत नाही." मग वाकळ उचलून म्हणाली, "आणि ही वाकळ तुम्ही घ्या. गादीची हवा आजींना लागू दे, वाकळीला कशाला?"

आमच्या मंडळीला हसू आलं. तोंड एका बाजूला गेलेलं, त्यामुळं हसू अर्धंच आलं. लकव्यानंतरचं पहिलं.

तेव्हा आमच्याकडं सरकारी सिस्टर एक दिवसाआड येऊन जखम धुऊन पट्टी करून जायची. आमचं घर पंचायतीच्या शेजारी, डांबरी रस्त्यावर. घरोघर गोळ्या वाटणारी आशाताईही आमच्याकडंच पहिली यायची. मला वाटायचं, हा आपला मान आहे. पाटकरी होतो ना.

एक दिवस बाईनं पंचायतीच्या फरशीवर खडूनं गाव काढलं. रस्ता, गल्ल्या, मळे, शेवटची वस्ती. मूठभर चिंचोके घेतले आणि सिस्टरला म्हणाली, "तुम्ही गेल्या आठवड्यात गेलात त्या घरांवर ठेवा." मग आशाताईला. मग डॉक्टरांच्या गाडीच्या ड्रायव्हरला. माझ्या घरावर चिंचोक्यांचा ढीग झाला. डांबरी रस्त्यावर सगळीकडं ढीग. मळ्याकडं तुरळक. शेवटच्या वस्तीवर नुसता खडू.

मी दारात उभा होतो. पुढं येऊन वाकून बघितलं. कारण हे गावाचं चित्र नव्हतं, माझ्या पाटाचं होतं. वरच्या अंगाला पाणी तुंबायचं आणि टेलाला, म्हणजे पाटाच्या शेवटाला, फुफाटा. टेलाचा माणूस जन्मभर पाळीची वाट बघत बांधावर बसायचा. सगळ्यांना माहीत होतं. पण वरून खाली जाणाऱ्या पाण्याला कोण काय करणार? वाटेतली रानं पीत पीतच ते जाणार.

बाई खडू झटकून म्हणाली, "उद्यापासून उलटं. टेलापासून सुरू करायचं. वर येईपर्यंत जे उरेल ते वरच्यांना."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, तेवढ्या लांब रोज जायला माणूस कुठंय?"

"रोज तिकडं कोण जातं?"

"कोण न्हाई. दुधाची गाडी तेवढी जाती."

"मग जातेच आहे ना! तिला फक्त थांबायला सांगायचं. आत डोकावायचं, पाणी भरायचं, काही बिनसलं असलं तर तुम्हाला फोन करायचा. नवा माणूस कशाला? जो जातोच आहे, त्याला थांबायला शिकवू."

एवढं साधं. पण इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

मात्र हे उलटं माझ्याच मुळावर आलं. एक दिवसाआड येणारी सिस्टर आता आठवड्यानं येणार, असं कळलं. मी तरातरा पंचायतीत गेलो.

"मॅडम, आमची पाळी कवा?"

"शेवटी, आजोबा."

"का? आमी काय पाप केलं? दिवाळीला दोनतीन म्हैनंच ऱ्हायल्यात. जखम भरली न्हाई तर पोरगं तिला उचलून न्हेतंय. ठाव हाय ना तुमास्नी?"

"माहीत आहे. म्हणूनच. सिस्टर पट्टी करते, पण कुशीवर कोण वळवतं? जखम पट्टीनं नाही भरायची, वळवण्यानं भरेल. आणि घरात तुम्ही आहात. दोन हात आहेत."

"ह्या हातांनी आजवर पाण्याचा तांब्यासुदिक भरून घेतल्याला न्हाई."

"पाणी वळवायला चिखलात हात घालून पाटाची दारं मोडलीत की. हे त्याहून काय अवघड?"

मी म्हटलं, "बायामाणसाचं काम हाय ते." सगळी पंचायत ऐकत होती.

बाईचा आवाज चढला नाही. "आजींनी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते तुम्हीच मला सांगितलंत. हलवू नका म्हणाल्या. त्या पंचायतीला म्हणाल्या नाहीत, तुम्हाला म्हणाल्या."

मला राग आला. म्हटलं, बघू तरी, आमची पाळी तोडून कुणाला पाणी पाजतीय ही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्कूटीमागं माझी सायकल लावली. तिनं आरशात बघितलं असणार, कारण चढाला ती हळू झाली.

शेवटच्या वस्तीवर एक फौजी होता. लढाईत नाही, घरच्या विहिरीत पडून कंबर मोडलेला. सून दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची, ती जाताना बाहेरनं कडी लावायची, कारण एकदा तो सरपटत अंगणात येऊन उन्हात पडला होता. बाईनं कडी काढली. आत अंधार. फौजीनं पडल्यापडल्या तिला सॅल्यूट ठोकला. मला बघून हात खाली घेतला. त्याचं रान टेलाला होतं. माझ्या पाटाचं पाणी त्यानं किती बघितलं असेल, ते त्यालाच माहीत. पाटच तेवढा लांब होता. वाटेतच पाणी संपायचं.

"पाणी कुठं आहे, काका?"

फौजीच्या कॉटला दोरीनं बाटली बांधलेली होती. पट्टा, बूच, सगळं मिलिटरीसारखं जागच्या जागी. बाईनं हातात घेतली. रिकामी.

"भरत नाही का?"

"भरली तर प्यावी लागंल मॅडम. प्याली तर उठावं लागंल. उठवणार कोन? सून सांजच्याला येती." आणि हसला. "तवा आमचं रेशनिंग."

त्या माणसाचे ओठ पाट आटल्यावर तळाची माती फुटते तसे फुटलेले होते. बाईनं आपल्या पिशवीतनं लघवीचं भांडं काढलं. ते पंचायतीच्या कपाटात पडून होतं, खुर्च्यांच्याच शेजारी. कसं वापरायचं ते दाखवलं, हाताशी ठेवलं. मग बाटली भरली. फौजी प्यायला लागला. घटाघटा. एक संपली, दुसरी भरली. मला तिथं उभं राहवेना. बाहेर आलो. बांधावर बसलो. मागनं पाण्याचा आवाज येत होता घशातला. सगळी हयात मी पाणी वाटलं, पण पाणी पोचल्याचा आवाज असा ऐकला नव्हता.

बाई बाहेर आली. मी म्हटलं, "पोरी, त्या कुशीवर वळवण्याचं जरा दाव मला."

मॅडमची पोरी कधी झाली ते मला कळलं नाही. तिनं ऐकलं, पण तसं जाणवू दिलं नाही.

त्या दुपारी तिनं मला शिकवलं. "वडील म्हणायचे, पोतं पाठीनं उचलणारा हमाल लवकर मोडतो. गुडघ्यात वाका, पोतं अंगाशी घ्या. माणूसही तसाच. ओढायचं नाही. खांद्याला एक हात, कमरेला एक हात, आणि आधी सांगायचं, आता वळवतो म्हणून." मी एक हात खांद्याला लावला, एक कमरेला. मंडळी डोळे मिटून पडलेली. लाजली होती. मी म्हटलं, "वळवतो गं." ती वळली. बाई लांब उभी राहून बघत होती, हात मागं बांधून. मदतीला आली नाही. चुकलो तेव्हाही नाही, नुसतं म्हणाली, "गुडघ्यात."

मग मी सगळं केलं. मिठाच्या पाण्यानं हलक्या हातानं जखम धुणं, पुसून कोरडी करणं, पट्टी, चादरीची सुरकुती काढणं. अंगणात ऊन कुठल्या दगडावर आलं की कुठल्या कुशीवर करायचं, ते मी ठरवून टाकलं. पाळी लावायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उसाला पाणी पाजणं म्हणजे दारं धरणं. पारावर दोस्तांनी छेडलं, "काय पाटकरी, आता घरात दारं धरता म्हनं!" मी म्हटलं, "धरतो. तुमची म्हातारी पडली की तुमालाबी शिकवीन. फुकट न्हाई, चहा लागंल." त्यातला एक खरंच पुढं आला शिकायला. दुसरा बायकोला न सांगता आला.

मंडळीची वेणीही मी घालायला लागलो. पहिली कासऱ्यासारखी झाली. तिनं चाचपून बघितली. म्हणाली, "आवं, बैल बांधायचाय का?"

सिस्टर आठवड्यानं यायची, बघायची, मान हलवायची. लिंबाची सुपारी झाली. सुपारीचा चिंचोका झाला. दिवाळीला थोरला आला. गाडी करूनच आला होता, आईला न्यायला. मी त्याला आत नेलं. म्हटलं, "बघ." मंडळीला म्हटलं, "वळवतो गं," आणि वळवली. पाठीवर नुसता गुलाबी डाग होता. पोरगं जवळ येऊन वाकलं. मग त्यानं डागाकडं नाही, माझ्या हाताकडं बघितलं. गाडी रिकामी परत गेली. फराळाचा डबा मात्र भरून दिला.

बाईला सांगायला गेलो तर ती मळ्याकडं गेलेली. नेहमीसारखी.

तिची मुदत उन्हाळ्यात संपली. इथली घडी बसली, आता फलटणकडच्या गावांत जायचं, असं म्हणाली. पंचायतीनं शालनारळ आणला. ती म्हणाली, "आधी सगळ्या घरी भेटून येते, मग घेते." मी गुळाची एक ढेप आणून ठेवली, चांगली कणीदार. मंडळीची वेणी घातली. आता बरी जमते. नवं लुगडं नेसवलं. आणि सकाळपासनं दारात बसलो. आमचं घर शेवटचं, म्हणजे यायला दुपार होईल, हे माहीत होतं.

दुपार झाली. ऊन पलीकडच्या दगडावर गेलं. मंडळीला कुशीवर केलं, पुन्हा येऊन दारात बसलो. पंचायतीत शालनारळ टेबलावर तसाच. ऊन उतरायला लागल्यावर आशाताई आली. म्हणाली, बाईंनी टेलापासनं सुरुवात केली, आणि मळ्यात एक म्हातारी न्हाणीत पडलेली सापडली. घरात कुणी नव्हतं. बाई तिला दवाखान्याच्या गाडीत घालून तालुक्याला घेऊन गेल्या. फोन आला होता. तिला भरती केलंय, हाड बसवायचंय. बाई आता तिथनंच पुढं जाणार.

"म्हंजे हितं येनार न्हाई?"

"कशा येतील, आबा? मला म्हनाल्या, सगळ्यांना माझा नमस्कार सांग."

मला असा राग आला म्हणून सांगू. सकाळपासनं बसलो होतो. सगळ्या गावाला भेटायची भाषा करून बाई आमच्याच दारापर्यंत पोचली नाही. ढेप उचलून आत आलो आणि मंडळीला म्हटलं, "बघितलंस? आपली पाळी पुन्हा बुडाली."

ती कुशीवर होती, तोंड माझ्याकडं. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आवं, ती आली न्हाई... म्हंजे आपलं बरं हाय."

मग तिनं डावा हात लांब केला, स्टुलावरचा पेला घेतला, स्वतःच्या हातानं पाणी प्याली आणि पेला जागच्या जागी ठेवला. मी तो पुन्हा काठोकाठ भरला.